डोक्यावरची अक्षरं : वेबसाठी रुबीचं मानक घडताना

जपानीत ‘कोकोरोझाशी’ असा एक शब्द आहे. ध्येय, मनाशी धरलेला संकल्प. लिहायला एकच कांजी, म्हणजे चिनीवरून आलेलं अक्षर, पुरते. पण तिचा उच्चार पाच काना अक्षरांचा, म्हणजे ध्वनी दाखवणाऱ्या जपानी अक्षरांचा : को, को, रो, झा, शी. लहान मुलांच्या पुस्तकात ही कांजी आली की तिच्या डोक्यावर हे पाच काना छापावे लागतात, मूळ अक्षराच्या निम्म्या आकारात. निम्म्या आकाराची पाच अक्षरं म्हणजे अडीच अक्षरांची रुंदी, आणि खाली जागा एकाच अक्षराची. वरचं दीड अक्षर कुठे जाणार? शेजारच्या अक्षरांवर थोडं झुकणार, की शेजाऱ्यांना बाजूला सारणार? शेजारी हिरागाना, म्हणजे काना लिपीचाच एक प्रकार, असेल तर एक नियम, कांजी असेल तर दुसरा. शब्द ओळीच्या अगदी सुरुवातीला आला तर आणखी तिसरा.

छपाईवाल्यांनी या प्रश्नांची उत्तरं फार पूर्वीच शोधून ठेवली होती. वेबला ती नव्याने शिकवावी लागली, आणि त्या शिकवण्याच्या लांबलचक कामातला एक छोटा वाटा काही वर्षं माझ्याकडे होता. हे डोक्यावरचे किंवा उभ्या लिखाणात उजव्या बाजूला येणारे उच्चार म्हणजे फुरिगाना. वेबच्या मानकांमध्ये त्यांना रुबी म्हणतात, कारण तिथे फक्त जपानीचा विचार करून भागत नाही.

पुण्यात जपानी शिकलेल्या बऱ्याच जणांना फुरिगाना म्हणजे नवशिक्यांसाठीची कुबडी वाटते. वरच्या परीक्षा द्यायला लागलं की ती सोडायची असते. जपानमध्ये राहायला लागल्यावर ही समजूत टिकत नाही. २०१० च्या सरकारी यादीत नित्य वापराच्या २,१३६ कांजी आहेत. शाळा संपेपर्यंत त्या येणं अपेक्षित असतं. पण माणसांची आणि गावांची नावं या यादीला जुमानत नाहीत. तीच दोन अक्षरं एका बाईच्या नावात ‘युको’ वाचतात आणि दुसरीच्या नावात ‘हिरोको’. समोरच्याने सांगितल्याशिवाय कळायला मार्गच नाही. म्हणून बँकेच्या, दवाखान्याच्या, शाळाप्रवेशाच्या प्रत्येक फॉर्मवर नावाच्या रकान्यावर फुरिगानाचा वेगळा रकाना असतो. चांगले शिकलेले, वयाने मोठे जपानी लोकही रोज फुरिगाना लिहितात आणि वाचतात.

मी टोकियोत मुलांची ई-पुस्तकं आणि शालेय साहित्य तयार करणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागले तेव्हा माझ्याकडे पहिलं काम आलं ते ओळीच्या शेवटी बिघडणाऱ्या फुरिगानाचं. छापील पानावर ओळ कुठे तुटणार हे आधीच ठरलेलं असतं. पडद्यावर तसं नसतं. मूल अक्षर मोठं करतं, टॅब्लेट आडवा करतं, आणि ओळी नव्याने पडतात. चार कांजींचा एक शब्द, वर सगळ्यांचे उच्चार, आणि तो नेमका ओळीच्या काठावर. काही ब्राउझर तो अख्खा शब्द उचलून पुढच्या ओळीत टाकत आणि मागे मोठी रिकामी जागा सोडत. काही वेळा लांब उच्चार काठाबाहेर जाऊन कापला जाई. कंपनीतले एक ज्येष्ठ सहकारी छपाईच्या जगातून आलेले होते. त्यांनी माझ्यासमोर जपानी मजकूर-रचनेच्या गरजांचा दस्तऐवज ठेवला आणि म्हणाले, “आधी हे वाचा. आपल्याला हवं ते सगळं इथे लिहिलेलं आहे. ब्राउझरांना कळेल अशा शब्दांत फक्त ते सांगायचं राहिलंय.”

तो दस्तऐवज म्हणजे ‘जेएलरेक’. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने त्याची पहिली आवृत्ती जून २००९ मध्ये काढली आणि दुसरी एप्रिल २०१२ मध्ये. जपानी छपाईचे जाणकार एकत्र बसले आणि आजवर त्यांच्या हाताला आणि ‘जिस एक्स ४०५१’ या औद्योगिक मानकाला माहीत असलेले नियम त्यांनी इंग्रजीतही मांडले. कोकोरोझाशीसारख्या शब्दाचं काय करायचं ते त्यात सविस्तर आहे : शेजारी हिरागाना असेल तर रुबीने एका रुबी-अक्षराइतकं झुकावं, कांजी असेल तर झुकू नये. मी तो वाचला आणि पहिल्यांदाच कळलं की माझ्या समोरची अडचण एका ब्राउझरच्या बिघाडाची नव्हती. मजकुराबद्दलचं एक ज्ञान अजून वेबच्या भाषेत उतरलं नव्हतं, ही खरी अडचण होती.

तसा वेबवर रुबीचा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये मजकुराला घातलेली खूण, जुना आहे. ३१ मे २००१ रोजी डब्ल्यूथ्रीसीने रुबीची स्वतंत्र शिफारस प्रसिद्ध केली, त्याच दिवशी आलेल्या एक्सएचटीएमएल १.१ या वेबपानं लिहायच्या भाषेतही ती होती. त्यात दोन प्रकार होते. साधा प्रकार : ‘रुबी’ या टॅगच्या आत ‘आरबी’मध्ये मूळ मजकूर, ‘आरटी’मध्ये उच्चार, आणि ज्या ब्राउझरला रुबी कळत नाही त्याच्यासाठी ‘आरपी’मध्ये कंस, म्हणजे निदान शब्दापुढे कंसात उच्चार दिसेल. गुंतागुंतीचा प्रकार : मूळ अक्षरांचा एक गट, उच्चारांचा एक गट, हवा तर दुसऱ्या बाजूला आणखी एक गट, आणि एखादा उच्चार किती अक्षरांवर पसरतो हे सांगायची सोय. कागदावर हे पूर्ण होतं. ब्राउझरांत मात्र साधाच प्रकार रुजला. पुढे वेबपानांच्या भाषेच्या नव्या आवृत्तीने, एचटीएमएल ५ च्या मसुद्याने, आणखी काटछाट केली आणि ‘आरबी’ काढून टाकला. मूळ अक्षर उघडंच लिहायचं आणि लगेच त्याचा उच्चार. ऑक्टोबर २०११ मधल्या ईपब ३ या ई-पुस्तकांच्या मानकाने हाच एचटीएमएल घेतला, त्यामुळे जपानी ई-पुस्तकांत रुबी आणि उभं लिखाण दोन्ही आलं आणि आमच्यासारख्यांची कामं सुरू झाली.

वाद होता तो इथेच. टोकियो हा शब्द दोन कांजींचा : पहिली ‘तो’, दुसरी ‘क्यो’. तो लिहायच्या दोन रीती. पहिली : पहिली कांजी, तिचा उच्चार, दुसरी कांजी, तिचा उच्चार. दुसरी : आधी दोन्ही कांजी, मग दोन्ही उच्चार, क्रमाने. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. पण मजकूर फक्त पडद्यावर राहत नाही. पहिल्या रीतीत पानातला मजकूर कॉपी केला की कांजी आणि काना एकमेकांत मिसळून बाहेर पडतात. काही ब्राउझरांत पानावर ‘टोकियो’ शोधलं तर सापडत नसे, कारण दोन कांजींच्या मध्ये काना येऊन बसलेले. रुबी न कळणाऱ्या ठिकाणी एका शब्दाचे दोन तुकडे दिसत, प्रत्येकापुढे कंस. दुसऱ्या रीतीत शब्द अखंड राहतो, कंसात पूर्ण उच्चार येतो.

पहिल्या रीतीच्या बाजूनेही ठोस मुद्दे होते. ती हाताने लिहायला सोपी. कुठला उच्चार कुठल्या अक्षराचा हे शेजारी-शेजारी असल्याने मोजावं लागत नाही. मधलं एखादं अक्षर गळलं तरी पुढचे सगळे उच्चार एक घर सरकत नाहीत. आणि वेबवर तोवर जमा झालेलं साहित्य बहुतेक त्याच रीतीचं होतं. ब्राउझर बनवणाऱ्यांचं म्हणणं असं की शोध आणि कॉपी सुधारायची असेल तर ती ब्राउझरने सुधारावी, त्यासाठी लेखकावर नवे टॅग लादू नयेत.

माझं मत आजही दुसऱ्या रीतीकडे झुकतं, आणि त्याचं कारण एक शब्द आहे. जपानीत ‘आज’ला ‘क्यो’ म्हणतात. तो दोन कांजींनी लिहितात. ‘टोकियो’तला ‘क्यो’ जसा काना लिपीत लिहितात, अगदी तसाच हाही, तेच तीन काना. पण टोकियोत ते तिन्ही एकट्या दुसऱ्या कांजीचे आहेत, आणि ‘आज’मध्ये ते दोन कांजींचे मिळून आहेत. त्यातले किती पहिलीचे आणि किती दुसरीचे, हा प्रश्नच चुकीचा आहे. उच्चार सबंध शब्दाला लागू आहे, त्याची वाटणी होत नाही. मुलांच्या पुस्तकात हे जाणीवपूर्वक वेगळं छापतात, कारण मूल त्यावरूनच शिकतं की हे अक्षर असं वाचतात. ‘आज’चे काना दोन कांजींवर वाटून टाकले तर मुलाच्या डोक्यात दोन खोटे उच्चार बसतील.

म्हणजे जाणकार ज्याला एकेरी रुबी (प्रत्येक कांजीला तिचा उच्चार) म्हणतात, ज्याला गट-रुबी (सबंध शब्दाला एक उच्चार) म्हणतात आणि ज्याला संयुक्त शब्दाची, ‘जुकुगो’ रुबी म्हणतात, त्या तिघांतला फरक दिसण्यापुरता नाही. जुकुगो तर दोन्हींच्या मधली : प्रत्येक उच्चार आपापल्या कांजीचा, पण शब्द एका ओळीत असेल तर सगळे उच्चार सलग बसवायचे, आणि ओळ मध्ये तुटली तर ज्याचा उच्चार त्याच्याबरोबर जायला हवा. मार्कअपने, म्हणजे मजकुरातल्या टॅगांनी, जोड्या सांगायच्या, त्या जोड्या मांडायच्या कशा हे सीएसएसने, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या भाषेने, सांगायचं, ही विभागणी मला फार मोलाची वाटते. सीएसएसच्या रुबी मसुद्यात त्यासाठी वेगवेगळे गुणधर्म आहेत : रुबी कुठल्या बाजूला, ती रुंदीत कशी पसरायची, शेजारचे उच्चार एकत्र करायचे की वेगळे ठेवायचे. पण मार्कअपमध्ये जोडीच नोंदलेली नसेल तर हे गुणधर्म काय करणार?

डब्ल्यूथ्रीसीच्या मसुद्यांवरच्या या चर्चेत भाग घ्यायला पदवी लागत नाही, पुरावा लागतो. मी सुरुवातीला मतं मांडत होते तेव्हा फारसं कुणी थांबत नसे. छापील पानाचा फोटो, त्या पानावरचा मजकूर कुठला, तो कुणासाठी छापलाय, आणि आजच्या मार्कअपमध्ये तो का बसत नाही, असं सगळं ठेवलं की मात्र चर्चा थेट त्या पानावर येई. त्यामुळे माझे शनिवार टोकियोतल्या जिंबोचो भागातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जाऊ लागले. मेइजी काळातली (१८६८ ते १९१२) पुस्तकं हाताळली आणि थक्क झाले. सगळ्या कांजींना रुबी. काही पानांवर तर दोन्ही बाजूंना : उजवीकडे चिनी वळणाचा उच्चार, डावीकडे त्याच शब्दाचा साध्या जपानीतला अर्थ. कमी शिकलेला माणूसही कांजींनी भरलेला मजकूर वाचू शकत होता, तो या छोट्या अक्षरांच्या आधाराने.

मग ही सगळी रुबी गेली कुठे? १९४६ मध्ये सरकारने १,८५० कांजींची यादी काढली आणि त्याबरोबर फुरिगाना शक्यतो वापरू नये असंही म्हटलं. कल्पना अशी की अवघड अक्षरंच वापरली नाहीत तर आधाराची गरज पडणार नाही. तसं झालं नाही. नावं होतीच, जुनं साहित्य होतंच, आणि आता परदेशातून आलेले लोक आणि त्यांची मुलंही आहेत. माझ्या मते रुबी ही भाषेची उणीव नाही, ती वाचकासाठी उघडं ठेवलेलं दार आहे. म्हणूनच दोन्ही बाजूंच्या रुबीला ‘आता कोण छापतं’ असं म्हणून बाजूला सारलं जाई तेव्हा मी त्या पानांचे फोटो पुन्हा पुन्हा पुढे केले. जुनी पुस्तकं वेबवर आणायची असतील तर ती जशी आहेत तशी यायला हवीत.

चर्चा तोवर जवळजवळ जपानीच्याच भोवती फिरत होती. तैवानमधल्या एक प्राथमिक शिक्षिका त्यात आल्या आणि चित्र पालटलं. तैवानमध्ये मुलं चिनी अक्षरांचे उच्चार बोपोमोफोत शिकतात. १९१८ मध्ये जाहीर झालेली ही ध्वनिचिन्हं, आज वापरात ३७. मुलांसाठीचं ‘मँडरिन डेली न्यूज’ हे वर्तमानपत्र १९४८ पासून अक्षराशेजारी ही चिन्हं छापत आलं आहे. शिक्षिकाबाईंनी पाठ्यपुस्तकाचं एक पान पाठवलं आणि विचारलं, “तुमच्या मसुद्यात हे कुठे बसतं?”

पान आडव्या ओळींचं होतं, डावीकडून उजवीकडे. पण चिन्हं अक्षराच्या डोक्यावर नव्हती. प्रत्येक अक्षराच्या उजव्या बाजूला, एकाखाली एक अशी उभी रचलेली होती, एक ते तीन. आणि त्या उभ्या रांगेलाही आणखी एक बाजू : चिनीतले सूर. पहिल्या सुराला खूण नाही. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या सुराची खूण शेवटच्या चिन्हाच्या उजवीकडे. हलक्या, बिनजोराच्या सुराचा ठिपका मात्र सगळ्यात वर, पहिल्या चिन्हाच्याही आधी. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक संचात, या सुराच्या खुणा स्वतंत्र अक्षरं आहेत, पण जागा घेताना त्या स्वतंत्र अक्षरासारख्या वागत नाहीत. मूळ अक्षर, त्याच्या उजवीकडे चिन्हांची रांग, रांगेच्या उजवीकडे सुराची खूण. जपानीवरून बांधलेल्या ‘वर किंवा खाली’ या कल्पनेत यातलं काहीच बसत नाही. सीएसएसमध्ये त्यासाठी ‘दोन अक्षरांच्या मध्ये’ अशी रुबीची वेगळी जागा आहे, पण ती सगळ्या ब्राउझरांत अजून उतरलेली नाही. सुराची खूण नेमकी कुठे बसवायची हे फाँटने करायचं की ब्राउझरने, यावरही बराच खल झाला.

चीनमधल्या पिनयिनची तऱ्हा आणखी वेगळी. १९५८ मध्ये मंजूर झालेली ही रोमन लिपीतली पद्धत सूर स्वरावरच दाखवते, आणि तिच्या लेखननियमांत शब्द जोडून लिहितात. दोन अक्षरी शब्दाचं पिनयिन एक सलग शब्द असतो, तरी पाठ्यपुस्तकात ते बऱ्याचदा अक्षराअक्षरावर छापतात. शिवाय एकाच अक्षराचे अनेक उच्चार. ‘चालणे’ या अर्थाचं एक अक्षर एरवी ‘शिंग’ वाचतात, पण बँक या शब्दात तेच ‘हांग’ होतं. यंत्राने शब्दकोशातून आपोआप उच्चार चिकटवला तर चुकणारच. माणसाने ठरवलेली जोडी मजकुरात नोंदवून ठेवायला हवी, ती यासाठीही.

एक प्रश्न मला बैठकीत विचारला गेला : तुमच्या लिपीत याची गरज पडत नाही, मग तुम्हाला यात इतका रस का? देवनागरी बरीचशी जशी लिहितो तशी वाचतो, हे खरं. पण मला लगेच वेदपाठाच्या पोथ्या आठवल्या. अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे अनुदात्त, वर उभी रेघ म्हणजे स्वरित. मी ते समजावून सांगितलं, आणि त्यातून फरकही स्पष्ट झाला. स्वराची रेघ त्या अक्षराचाच भाग आहे. युनिकोडने तिला जोडखूण म्हणून घेतलं, आणि २००९ मध्ये वैदिक खुणांचा आणखी एक संच दिला. ती काढली तर पाठ अपुरा राहतो. फुरिगाना हा मात्र मजकुराबरोबर चालणारा दुसरा मजकूर आहे. त्याला स्वतःची अक्षरं आहेत, कधी स्वतःची भाषाही. एखाद्या गाण्यात ‘अंतराळ’ या कांजींवर कवी ‘सोरा’, म्हणजे आकाश, असा उच्चार लिहितो, तेव्हा वाचणारा दोन्ही शब्द एकदम घेतो. दुसऱ्या मजकुराला जागा हवी तर ती मार्कअपमध्येच द्यावी लागते. युनिकोडमध्ये ओळींमधल्या टिपांसाठी तीन नियंत्रण-अक्षरं आहेत खरी, पण साध्या मजकुराच्या देवाणघेवाणीत ती वापरू नयेत असं युनिकोडच सांगतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो चाचण्यांमध्ये, आणि मला सगळ्यात आवडलेलं कामही तेच. डब्ल्यूथ्रीसीच्या वाटेवर मसुदा कितीही चांगला असला तरी तो निदान दोन स्वतंत्र ब्राउझरांत तसाच चालतो हे दाखवावं लागतं. त्यासाठी दोन पानं लिहितात : एकात खरी रुबी, दुसऱ्यात साध्या मोजमापांनी तयार केलेलं तेच चित्र. दोन्ही हुबेहूब जुळली तर पास. फाँटचा फरक आड येऊ नये म्हणून ‘आहेम’ नावाचा चाचणीचा फाँट असतो. त्यात बहुतेक अक्षरं म्हणजे नुसता काळा चौकोन, नेमका फाँटच्या आकाराचा.

कोकोरोझाशीची चाचणी मी तशी लिहिली. मूळ अक्षर ४० पिक्सेलचा चौकोन. रुबी निम्मी, म्हणजे २० पिक्सेलचे पाच चौकोन, एकूण १००. झुकू दिलं नाही तर मूळ चौकोनाच्या दोन्ही बाजूंना ३०-३० पिक्सेल मोकळे राहायला हवेत. हे स्पष्ट होतं. पण झुकू दिलं तर? जेएलरेकच्या नियमाने हिरागानावर २० पिक्सेल झुकायचं आणि १०-१० मोकळे ठेवायचे. मी ते लिहून दिलं आणि उत्तर आलं की अशी चाचणी घेता येणार नाही, कारण मसुदा ‘किती झुकायचं ते ब्राउझरने ठरवावं’ असं म्हणतो. मानकांच्या भाषेत ‘केलंच पाहिजे’ आणि ‘करता येईल’ यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर असतं. ‘करता येईल’ची चाचणी होत नाही. त्या दिवसापासून मी मसुदे वाचायला बसले की आधी क्रियापदं बघते. जिथे वाचकाचं नुकसान होणार असेल तिथे मोकळीक नको, असा आग्रह धरायला मी तिथेच शिकले. आणि जिथे छापखान्यांच्याच परंपरा वेगवेगळ्या आहेत तिथे मोकळीक असणंच बरं, हेही पटलं. २०२० मध्ये जपानी रुबीच्या साध्या मांडणीचे नियम डब्ल्यूथ्रीसीने वेगळ्या टिपणात दिले. ज्यांना पूर्ण जेएलरेक पेलत नाही त्यांना किमान काय करावं हे त्यातून कळतं. ते टिपण मी नव्याने काम करायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी देते.

पडदा न बघता वाचणाऱ्यांचा मुद्दा सगळ्यात उशिरा आला, तो आधी यायला हवा होता. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एका वाचकाने आमच्या पुस्तकाचा एक परिच्छेद चालू करून ऐकवला. प्रत्येक कांजी शब्द दोनदा : एकदा कांजीवरून, एकदा काना अक्षरांवरून. गोष्ट ऐकू येतच नव्हती. सोपं उत्तर वाटतं की एकच वाचा. पण कुठला? कांजी वाचली तर नावं चुकतात. काना वाचले तर नाव बरोबर येतं, पण कांजी हातात नसल्याने यंत्राला शब्द ओळखता येत नाही आणि आघात चुकतो. ‘सोरा’सारख्या ठिकाणी तर दोन्ही हवेत. यावर एक नियम करून सगळं सुटणार नाही. मार्कअपमध्ये दोन्ही मजकूर आणि त्यांचं नातं नीट नोंदलेलं असेल तर वाचणारं यंत्र वाचकाच्या पसंतीने निवड करू शकेल. जोडीचा आग्रह मी धरत राहिले त्यामागे या परिच्छेदाचाही मोठा भाग आहे.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डब्ल्यूथ्रीसीच्या एचटीएमएल ५ च्या शिफारशीत ‘आरबी’ आणि उच्चारांच्या गटाचा ‘आरटीसी’ दोन्ही आले. ब्राउझर बनवणाऱ्यांच्या व्हॉटडब्ल्यूजी या गटाच्या एचटीएमएलने मात्र ते घेतले नाहीत. मे २०१५ मधल्या फायरफॉक्स ३८ ने ते दोन्ही टॅग पाळणारी रुबी दिली. मे २०१९ मध्ये दोन्ही संस्थांचा करार होऊन एचटीएमएल एकच राहिलं, व्हॉटडब्ल्यूजीचं, आणि त्यात हे टॅग आजही वापरू नयेत अशा यादीत आहेत. ऑगस्ट २०२४ मधल्या क्रोम १२८ मध्ये रुबीच्या मध्ये ओळ तुटू लागली आणि रुंदीत पसरवायची सोयही आली. माझ्या अगदी पहिल्या कामातला तो काठावर अडकलेला कांजींचा शब्द, तो आता नीट तुटतो. आमच्या पुस्तकातल्या त्या पानासाठी लिहिलेला जुगाडू कोड मी स्वतःच्या हाताने काढून टाकला तेव्हा फार बरं वाटलं.

दरम्यान जपानमध्ये एक मोठा बदल झाला. २६ मे २०२५ पासून कुटुंबनोंदणीत नावाचा फुरिगानाही कायद्याने नोंदला जातो. इतकी वर्षं नोंदीत फक्त कांजी असत, उच्चार अधिकृत नव्हता. आता नावाचे दोन्ही मजकूर अधिकृत आहेत. सरकारी पानांवर नाव आणि उच्चार एकत्र दाखवायचे प्रसंग वाढत जातील, आणि तिथे कंसात उच्चार लिहून काम भागवायचं की नीट रुबी द्यायची, हे पान बनवणाऱ्यांच्या हातात आहे.

मराठीतून जपानी शिकवणारे लोक आता वेबवर पाठ लिहितात, आणि त्यांचं मार्कअप मी आवडीने बघते. बरेच जण कांजीवर देवनागरीत उच्चार देतात. कल्पना उत्तम आहे. नवशिक्याला काना येत नसले तरी पहिल्या दिवसापासून वाचता येतं. त्यांना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. दोन कांजींचे उच्चार वेगळे असतील तर जोड्या वेगळ्या द्या. ‘आज’सारखा शब्द असेल तर सबंध शब्दावर एकच उच्चार. ‘आरपी’चे कंस टाळू नका. उच्चाराच्या टॅगवर भाषा मराठी असल्याचं नोंदवा, नाहीतर स्क्रीन रीडर देवनागरीही जपानी आवाजात वाचायला जाईल. आणि आकार बदला : ब्राउझर रुबी निम्म्या आकारात दाखवतो. काना अक्षरांना तो पुरतो, देवनागरीला पुरत नाही. वर मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरं, त्यामुळे निम्म्या आकारात ‘क्यो’ आणि ‘क्या’ वेगळे ओळखू येत नाहीत. मी मूळ अक्षराच्या ०.६ ते ०.७ पट ठेवते आणि ओळींमधलं अंतर मूळ अक्षराच्या दुपटीच्या आसपास. देवनागरी रुबीची चाचणी मी आता लिहायला घेतली आहे. आहेमचे काळे चौकोन तिथे उपयोगाचे नाहीत, कारण प्रश्न मात्रांच्या उंचीचा आहे, म्हणून खरा देवनागरी फाँट घेऊनच मोजमाप करावं लागतंय.